काम सुरू करण्याआधी

“जहाजावर माणसं मरतात ना?” पोह्यांची बशी पुढे करत इंदुमतीने विचारलं.

तिच्या मामांच्या, अप्पारावांच्या, धोतरावर चहा सांडला. मुलीने पाहुण्याची उलटतपासणी घ्यावी, हे हैदराबादच्या चिक्कडपल्लीत तरी नवीनच होतं.

प्रतापराव मालवाहू जहाजावर अधिकारी होते. कानशिलांवरचे केस पिकलेले, हसू मात्र कॉलेजातलं. “मरतात,” ते म्हणाले. “न थांबता कामाला हात घातला की मरतात.”

“मग थांबायचं कधी, हे कसं ठरवता?”

“डेक धुण्यासाठी नाही थांबत. रोजच्या प्रत्येक कामाला बैठक घेतली, तर जहाज बंदरातच गंजेल. पण काम उंचावरचं, बंद टाकीतलं, आगीजवळचं असलं, किंवा करणारा नवखा असला, की सगळ्यांना गोळा करतो. काय बिघडेल, बिघडलं तर बाहेर कसं पडायचं, हे बोलून घेतो. मगच सुरुवात.”

“आणि घाई असली तर?”

“मग तर हमखास थांबतो.”

हे अप्पारावांना झोंबलं. “अहो, इथे घाई करायलाच पाहिजे की! हैदराबाद राज्याची वाटणी झाली, हिचं ऑफिस औरंगाबादला चाललं. पुढच्या महिन्यात हिला तिथे हजर व्हायचंय. त्याआधी लग्न लागलं पाहिजे. आता थांबायचं नक्को बाबा!”

इंदुमतीच्या आई, कुसुमताई, आतल्या दाराआड उभ्या होत्या. बारा वर्षांपूर्वी गिरणीतला बॉयलर फुटून नवरा गेला, तेव्हापासून त्या शुभकार्यात पुढे येत नसत. या घरात पुन्हा कुणाचं कुंकू पुसलं जाऊ नये, एवढाच इंदुमतीचा हट्ट होता.

“शेवटचं विचारते,” ती म्हणाली. “तुम्ही काम सांगितलं आणि एखादा साधा खलाशी नको म्हणाला, तर?”

“तर काम बंद. त्याचं ऐकून घेतल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही.”

“घरातही?”

“घरात तर आधी.”

इंदुमतीला इतका आनंद झाला, की तो लपवणंही तिला जमेना. आठवडाभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, तो याच उत्तरासाठी. मामांकडे बघून तिने मान डोलावली, उठून आतलं दार सताड उघडलं आणि कुसुमताईंना हाताला धरून बाहेर आणलं.

“आई, मुलगी म्हणून माझी परवानगी आहे,” ती म्हणाली. “आता नवरी म्हणून तू बोल.”