फ्रिज आहे का?

"तुमच्या घरच्यांच्या मालकीचा फ्रिज आहे का?" मोजणीवालीने विचारलं.

फ्रिज तिच्या कोपराला लागूनच उभा होता. सकाळी वरच्या मजल्यावरच्या शिंपिणीकडून चौघांनी तो जिन्यावरून उतरवून आणला होता. खुर्च्या समोरच्या घरच्या, टीव्ही मामाचा. मुलीच्या लग्नाचं बोलणं करायला आलेली मंडळी त्याच खुर्च्यांवर बसून चहा पीत होती: मुलगा, त्याची आई आणि काका. आणि नेमकी त्याच वेळी ही बाई दारात उभी राहिली. नंतर या म्हणायची सोय नव्हती. या गल्लीतली सरकारी घरमोजणी आज संपणार होती.

मुलीच्या आईने आतल्या दाराकडे पाहिलं. आतल्या खोलीत नवरा अंथरुणाला खिळलेला. त्याच्या ऑपरेशनचा खर्च सरकार करणार होतं, पण या मोजणीत घर गरीब ठरलं तरच. खरं सांगावं तर सोयरीक मोडणार, खोटं सांगावं तर ऑपरेशन हुकणार. इकडे आड, तिकडे विहीर. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही म्हणतात. तिने तेही आणलं होतं आणि ते फारच छान वठलं होतं.

"अहो ताई, समोर दिसतोय की," मुलाचा काका पाय पसरून म्हणाला. "आमच्याकडे दोन आहेत, इथे एक. लिहून टाका."

"दिसतं ते चालत नाही, घरच्यांनी सांगावं लागतं. हेच प्रश्न कितीतरी देशांत विचारतात, आम्हाला त्यात शब्दही बदलता येत नाही." मोजणीवालीने मान वर केली नाही. "तुमच्या घरच्यांच्या मालकीचा फ्रिज आहे का?"

आईने एकदा काकाकडे पाहिलं, एकदा मोजणीच्या कागदाकडे. आतून नवऱ्याने पाणी मागितलं. कुणी उठलं नाही.

"नाही," मुलगी म्हणाली.

आईने तिच्या दंडाला चिमटा काढला. मुलीने हात बाजूला घेतला.

"टीव्ही?"

"नाही."

"खुर्च्या?"

"त्याही नाहीत. कप विचारणार असाल तर तेही शेजारचेच."

फ्रिज आपला घुरघुरत होता. मुलगा जमिनीकडे बघत राहिला. काका ताडकन उठला.

"चला वहिनी. ही सरळसरळ फसवणूक आहे."

आईला रडू फुटलं. लेकीचा इतका राग तिला जन्मात आला नव्हता, आणि तरी छातीवरचा दगड उतरल्यासारखंही वाटत होतं. ते तिला स्वतःलाच पटेना.

मुलाची आई मात्र जागची हलली नाही. मोजणीवाली आल्यापासून ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. आता ती वळली.

"बसा भावजी," ती म्हणाली. मग मोजणीवालीकडे पाहून हळूच हसली. "ताई, तुम्ही ओळख दाखवली नाहीत, उपकार झाले. मागच्या आठवड्यात तुम्ही आमच्या घरी आलात, तेव्हा या सगळ्या प्रश्नांना मीही खरं खरं नाहीच म्हटलं होतं."