बंद केला होता

बायको जाऊन महिना झाला. आता रात्री कॉम्प्युटर मीच बंद करतो, तरी सकाळी तो चालूच दिसतो. म्हणून दुरुस्तीवाल्या बाईंना बोलावलं.

त्यांनी जरा वेळ बघितलं आणि त्या हसल्या. "काका, भूतबीत काही नाही. अपडेट आला की सिस्टिम कधीकधी मशीनची आतली सेटिंगसुद्धा बदलून टाकते. रोज पहाटे पाचला आपोआप चालू व्हायचं, असं ठरवून ठेवलंय तिनं."

"कधीपासून?"

"अपडेटची तारीख दोन वर्षांपूर्वीची आहे. तुमच्या लक्षात नाही आलं?"

आलं होतं. रोज सकाळी मी बायकोवर ओरडायचो, "आज पुन्हा विसरलीस!" ती म्हणायची, "अहो, बंद केला होता मी." मग म्हणायला लागली, "केला होता वाटतं." पुढे पुढे काहीच म्हणेनाशी झाली.

एक दिवस तिनं माझ्यासमोरच लेकीला फोन केला. "बाळाला माझ्या एकटीजवळ ठेवत जाऊ नकोस गं. माझा आता भरवसा नाही."

मी शेजारी बसून मान डोलावली होती.