थेल्माचा दगड

दगड हातातून सुटला त्याच क्षणी थेल्माला कळलं, हा पोचत नाही.

तिच्या दोघी जोडीदारणी दगडापुढचा बर्फ जीव तोडून झाडत धावल्या. झाडलं की बर्फ गुळगुळीत होतो, दगड चार-सहा हात जास्त जातो. पण इथे पंधरा हात कमी पडत होते. वीस किलोचा तो लाल दगड हळू होत होत घराच्या अलीकडेच थांबला. घर म्हणजे बर्फावर रंगवलेली वर्तुळं. त्यांच्या मधोमध ओरेस्ट दानिलुकचा पिवळा दगड एकटाच बसून राहिला.

किल्बर्न गावच्या कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या, स्पर्धेत थेल्मा क्रॅनस्टन हरली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

काचेपलीकडच्या उबदार खोलीत पेरोगी, बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, खात बसलेलं गाव उभं राहिलं. टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणालाच सुचेना.

थेल्मा हात पुढे करून ओरेस्टकडे गेली. ओरेस्टने हातमोजासुद्धा काढला नाही.

"मुद्दाम केलंस," तो म्हणाला.

"काय?"

"चारदा देशाची विजेती, दोनदा जगाची. आणि समोर मोकळं घर असताना साधा दगड आत नेता येत नाही? म्हातारा झाला बिचारा, जिंकू दे एकदा, असंच ना?"

"ओरेस्ट, चुकला दगड."

"तुझा? असला दगड?" सदुसष्ट वर्षांच्या ओरेस्टचे कान लालबुंद झाले होते. "सव्वीस वर्षं हरलो, पण खरा हरलो. ही भीक नको मला. कप ठेव तुझ्याकडेच."

खोलीचं दार उघडून माणसं बाहेर येऊ लागली. थेल्माने त्यांच्याकडे पाहिलं. आता फक्त गप्प बसायचं होतं. किंवा जरासं हसायचं. संध्याकाळपर्यंत सगळं गाव म्हणालं असतं, थेल्माचं मन किती मोठं! आणि थेल्मा होती तिथेच राहिली असती, खोलीतल्या भिंतीवर लावलेल्या विजेत्यांच्या फोटोत होती तशी.

तिने तो लाल दगड पायाने ढकलत परत पलीकडच्या टोकाला नेला.

"काय करतेस?" ओरेस्ट ओरडला.

"परत टाकते. नीट बघ."

तिने रबराच्या खाचेत पाय रोवला, खाली बसली आणि दगडासकट पुढे घसरली. पण ज्या गुडघ्यावर सगळा भार घेत ती आयुष्यभर घसरत आली, तो मध्येच दगा देऊन गेला. ती एका कुशीवर कलंडली. दगड मगाचच्याहीपेक्षा दोन हात अलीकडे थांबला.

थेल्मा बर्फावर तशीच बसून राहिली. मग तिलाच हसू फुटलं.

"शेकोटीतल्या ओल्या लाकडासारखा वाजतो रे हा गुडघा," ती म्हणाली. "हिवाळा सुरू झाल्यापासून लपवतेय. तू खरा जिंकलास, गाढवा. आता तरी पटलं?"

ओरेस्ट चालत तिच्यापाशी आला. त्याने हात देऊन तिला उठवलं. हातमोजा आता काढलेला होता.

"मला वाटलं..." तो म्हणाला.

"तुला काय वाटलं ते सगळ्या गावाने ऐकलं."

मग त्याने आपला झाडू उचलला.

"आणखी एक टाक."

"कशाला? बघितलंस ना?"

"टाक म्हणतो ना!"

थेल्माने दुसरा दगड घेतला. या वेळी ती फार खाली वाकली नाही, जेवढं जमलं तेवढंच. दगड निघाला, सावकाश. ओरेस्ट त्याच्या पुढे वाकला आणि झाडू लागला. दोन्ही हातांनी, पोट सांभाळत, धापा टाकत, पाय घसरत असतानाही.

"झाड! झाड! थांबू नकोस!" थेल्मा खाचेपासून ओरडत होती. जगाच्या मैदानावर ओरडायची, अगदी तशीच.

स्वयंपाकघरातून ओरेस्टची बायको नेटी डाव हातात घेऊनच बाहेर आली होती. "बघा हो बघा!" ती म्हणाली. "घरात झाडू धर म्हटलं की याची कंबर धरते!"

सगळी माणसं खदखदून हसली. ओरेस्टला हसायला दम नव्हता. मगाचचा दगड जिथे थांबला होता तिथून हा पुढे गेला. घराची बाहेरची रेघ ओलांडली. निळ्या वर्तुळात शिरला, मग पांढऱ्यात. ओरेस्टने झाडू उचलला आणि तो तसाच बर्फावर बसला. दगड आणखी वीतभर सरकून त्याच्या पिवळ्या दगडाशेजारी टेकला.

आता मात्र टाळ्या झाल्या. थेल्मा लंगडत, घाई करत तिथे आली. ओरेस्टच्या खांद्यावर भार देऊन ती वाकली. दोघांनी डोकी जवळ आणून दोन्ही दगडांकडे पाहिलं.

"माझा जास्त आत आहे, मध्याजवळ," थेल्मा म्हणाली.

"छट्! माझा. केसभर का होईना, पण माझा."

"डोळे तपासून घे."

"नेटी, ती मोजपट्टी आण गं!" ओरेस्ट ओरडला. मग थेल्माकडे वळून म्हणाला, "आणि ऐक, हा धरायचा नाहीये. सामना संपलाय."

"नाही ना धरायचा? मग पट्टी कशाला मागवलीस?"

"कशाला म्हणजे?" ओरेस्ट पोटावर आडवा होत म्हणाला, एक डोळा मिटून, गाल अगदी बर्फाला लावून. "तू सरक जरा. सावली पडतेय तुझी."