पहिलं पोर्ट

नर्सिंगच्या फॉर्मची मुदत पाचला संपत होती. चार नंबरच्या कॉम्प्युटरवर खुशबूचं शेवटचं पान साडेचारपासून उघडत नव्हतं. राजुऱ्यातल्या त्या सायबर कॅफेचा मालक अश्विन मात्र एक नंबरवर ऑनलाइन गेममध्ये गोळ्या झाडत होता. "सर्वर डाउन आहे बाई," मान न वळवता त्याने सुनावलं. हिला काय कळतंय, अशा गुर्मीत तो हेडफोनवर मित्राला म्हणाला, "राउटरच्या पहिल्या पोर्टले फुल स्पीड देल्ली, बाकीच्यायले थेंबथेंब. गेम अटकतच नाई." खुशबूचं डोकं फिरलं. मागच्या वर्षीही फॉर्म इथंच अडकला होता. उठून तिने त्याच्या पाठीमागच्या राउटरमधली त्याची वायर चौथ्या पोर्टमध्ये आणि आपली पहिल्यात खोचली. तिचं पान झटक्यात उघडलं. गेममधला अश्विन गोठला आणि मेला. "काऊन अटकून राह्यलं बे?" तो खेकसला. खुशबूने 'सबमिट' दाबलं. "सर्वर डाउन असन, भाऊ."