रुमालाखालचा भाव

अप्पांना जाऊन चार दिवस झाले होते. त्यांचे दलालीतले भागीदार धोंडिरामकाका मुलुंडच्या आमच्या खोलीत येरझाऱ्या घालत होते. “कांदा उद्या दुबईच्या बोटीत चढणार आणि एक्स्पोर्टवाला शेठ उलटलाय. म्हणतो, भाव क्विंटलला एकशे तीसच ठरला. प्रेमा, अप्पा काही बोलले का गं?” बाजारात सौदा रुमालाखाली बोटं दाबून व्हायचा, तिसऱ्याला कळायचा नाही. “वाचा गेली होती. नुसती माझी बोटं दाबली.” काकांनी झटकन आमच्या हातांवर रुमाल टाकला. “दाब तशीच.” मी त्यांचं एक बोट दाबलं, मग चार. “एकशे चाळीस! पुढे?” पुढे अप्पांनी माझा अख्खा पंजा धरून ठेवला होता, शेवटपर्यंत. अख्खा पंजा म्हणजे पाच, हे दलालाच्या मुलीला ठाऊक असतं. म्हणजे एकशे पंचेचाळीस, शेतकऱ्यांचे क्विंटलमागे आणखी पाच रुपये. “पुढे काय, पोरी?” पण ती शेवटची पकड मला भावात मोजायची नव्हती. मी हात काढून घेतला. “काही नाही.”