उजव्या चाकाची घरघर

"डावं चाक," मिस्त्री छातीठोकपणे म्हणाला.

"उजवं," मुख्याध्यापक म्हणाले आणि त्यांनी रुमालाची घडी घालून तो खिशात ठेवला. वाद लांबणार, याची ती खूण होती.

गाडी त्यांच्या नोकरीइतकीच जुनी होती आणि आठ महिन्यांपासून तिला घरघर लागली होती. वेग वाढला की आवाज वाढे. ब्रेक दाबला तरी त्यात फरक पडत नसे. मिस्त्रीने शेजारी बसून एक फेरी मारली होती आणि आवाज डावीकडून येतो असा निकाल दिला होता.

"तुम्ही ऐकलंत ते सरळ रस्त्यावर," मुख्याध्यापक म्हणाले. "डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकावर जातो, आणि आवाज नेमका तेव्हाच चढतो. उजवीकडे वळलं की दबतो. मग दोष कुणाचा?"

"शाळेत तुम्ही असेच प्रश्न विचारायचात, सर. म्हणून तर मी शाळा सोडून इथं आलो."

दोन्ही चाके जॅकवर उचलली गेली. मिस्त्रीने चाकामागच्या स्प्रिंगवर तळहात ठेवून आधी डावे चाक फिरवले. ते लोण्यासारखे फिरले. मग उजवे. त्याने मुख्याध्यापकांचा हात धरून उजव्या चाकामागच्या स्प्रिंगवर ठेवला. आत कोणी वाळू दळत असावे, तशी खरखर बोटांना लागत होती.

तासाभरात नवे बेअरिंग बसले. जुने बेअरिंग मुख्याध्यापकांनी कागदात गुंडाळून मागून घेतले. पुरावा जवळ असावा, असे त्यांचे मत होते.

परतताना ते प्रसन्न होते. गाडी इतकी मुकाट चालत होती की घड्याळाची टिकटिक ऐकू यावी. आपल्या घरच्या शांततेचा त्यांना अभिमान होता. दार उघडावे तर आई जपमाळ घेऊन स्थिर बसलेली, मुलगी पुस्तकात, पत्नी स्वयंपाकघरात. कुठे चमचा वाजत नाही. त्या शांततेला गालबोट होते ते एवढ्या एका घरघरीचे. नवल एवढेच, की चाक दाखवतो म्हटले की तिघीही नाट लावत. पत्नी म्हणे, इतकी काय घाई आहे. आई म्हणे, जुन्या वस्तूला हात लावू नये. मुलीने तर पर्यावरणाचा मुद्दा काढला होता. म्हणून आज त्यांनी कोणाला सांगितलेच नव्हते.

जिना चढून ते दारापाशी आले आणि थबकले. आत गाणे चालले होते. आपण चुकून वरच्या मजल्यावर आलो की काय, म्हणून त्यांनी दारावरचा क्रमांक वाचला. क्रमांक त्यांचाच होता. आवाज पत्नीचा होता.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी हेच गाणे त्यांनी तिच्याकडून रोज ऐकले होते. मग एका परीक्षेच्या आठवड्यात, उत्तरपत्रिका तपासताना, त्यांनी घरात शांतता मागितली. आठवडा संपला, ती मागणी मागे घ्यायची राहून गेली. विचारायला कोणी धजले नाही. त्याला आता अठरा वर्षे झाली होती.

त्यांनी किल्ली फिरवली.

आई मांडीवर पातेल्याचे झाकण घेऊन ठेका धरत होती. मुलगी त्यांचा जुना चष्मा नाकाच्या शेंड्यावर अडकवून, हातात पट्टी घेऊन स्टुलावर उभी होती. पत्नीचा स्वर मध्येच तुटला.

"अहो, गाडीचा आवाज…"

"काढून टाकला," मुख्याध्यापक म्हणाले.

"काढलास?" आई कळवळून म्हणाली. "अरे, मग तू आलास हे आम्हाला कळायचं कसं?"

मग हळूहळू सारे बाहेर आले. कोपऱ्यावरच्या वळणावर घरघर ऐकू आली की तिघींना पुरती दोन मिनिटे मिळत. तेवढ्यात झाकण पातेल्यावर जाई, चष्मा खणात, पुस्तक हातात. पूर्वी तीही सोय नव्हती. चाकाने तोंड उघडले, तेव्हा कुठे या तिघींनी उघडले.

मुख्याध्यापकांनी कागद सोडून बेअरिंग टेबलावर ठेवले. दुपारी जिंकलेला वाद त्यांना आता फारसा जिंकल्यासारखा वाटेना.

"गाण्याची कडवी किती?" त्यांनी तोंडी परीक्षा घ्यावी तसे विचारले.

"तीन," मुलगी म्हणाली. चष्मा काढायचे तिला अजून सुचले नव्हते. "पण दुसऱ्यातच तुम्ही वळणावर येता, बाबा. रोज."

मुख्याध्यापकांनी बूट काढले आणि ते आईशेजारी जमिनीवर बसले. बसताना गुडघा वाजला, तशी आईने झाकणावर एक थाप देऊन त्याला साथ केली. मुलगी फिसकन हसली, आणि कोणी तिला गप्प केले नाही.

"आज तिसरं होऊ दे," ते म्हणाले.

पत्नीने छताकडे पाहत शब्द जुळवून पाहिले. मग ओशाळून म्हणाली, "या आठ महिन्यांत तिसऱ्यापर्यंत कधी पोचलेच नाही. आता मला ते आठवतसुद्धा नाही."

मुख्याध्यापकांनी घसा खाकरला. त्यांना ते पाठ होते.