दोन महिन्यांच्या गोळ्या

तोरिबियो सकाळपासून तिसऱ्यांदा उठला आणि गोठ्यामागच्या संडासाकडे झपाझप निघाला. त्याच्या लेकीने, निमियाने, घड्याळ पाहिलं. अजून दहाही वाजले नव्हते.

दोन महिने हेच चाललं होतं. बाबांच्या पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली होती, गालफडं बसली होती. निमियाची आई अशीच गेली, आतड्याच्या कॅन्सरने. आधी जुलाब, मग वजन उतरणं, मग चार महिन्यांत सगळं आटोपलं. तेव्हा निमिया राजधानीत, आसुन्सियोनला, औषधाच्या दुकानात नुकतीच लागली होती आणि रजा मागायला बिचकली होती. ते तिने स्वतःला कधी माफ केलं नाही. या वेळी तिने मालकाला विचारलं नाही, सांगितलं. उद्यासाठी मोठ्या इस्पितळात नाव घातलं होतं, आतड्याच्या तपासणीसाठी. काही वाईट निघालं तर बाबांना शहरातच ठेवायचं, गाय विकायची, घराला कुलूप लावायचं. सहा तासांच्या बसमध्ये तिने हे सगळं ठरवलं होतं आणि वाटभर ती भीतीने अर्धी झाली होती.

"विहिरीचं पाणी तपासून घेतलं, ते चांगलं आहे," ती रुफिनोला म्हणाली. रुफिनो शेजारचा, बाबांचा जन्माचा सोबती. दोघांची तेरेरेची, म्हणजे पाल्यावर बर्फाचं पाणी ओतून पिण्याची, बैठक आंब्याखाली रोज भरायची. "मग हे खातात तरी काय, काका?"

"मी खातो तेच. उकडलेला कसावा, चवळी, रविवारी कोंबडी."

"पेरूच्या पानांचा काढा दिलात?"

"दिला की. आता झाडावर नुसते पेरू राहिलेत." एवढं बोलून रुफिनोही उठला. "आलोच."

तोही गोठ्यामागेच गेला, आणि चांगलाच घाईने.

तोरिबियो हात धुऊन परत आला. आतून बर्फाच्या पाण्याचा नवा जग भरून आणला, शिंगाच्या पेल्यातल्या पाल्यावर थोडं पाणी ओतलं, एक घोट स्वतः घेतला, पुन्हा ओतलं आणि पेला लेकीपुढे धरला.

"आज तरी टेक जरा."

गेल्या दोन महिन्यांतली ही तिची पाचवी खेप. एरवी नाताळ आणि ईस्टर सोडून तिला गाव दिसत नसे. पण आली तरी बूड टेकत नसे. पिशवी उघडायची, सी जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची सहा नळकांडी फळीवर मांडायची, रोज एक, विसरू नका, असं बजावायचं आणि तीनची बस गाठायची. साठ गोळ्या दहा-बारा दिवसांत संपायच्या आणि बाबांचा फोन यायचा. बाबा आळीभर वाटत असतील, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

आज ती स्टुलावर बसली. पेल्यातल्या नळीला तोंड लावून तिने घोट ओढला. पाल्याचा कडवटपणा आला, मागोमाग संत्र्याची आंबट चव आली. ही चव तिला झोपेतही ओळखता आली असती. तिने जगाचं झाकण उचललं. तळाशी दोन पिवळ्या गोळ्या फसफसत होत्या.

"बाबा, एका जगात दोन टाकता?"

"हो."

"आणि दिवसाला किती जग?"

"तीन. ऊन केवढं आहे बघतेस ना."

"सहा गोळ्या! अहो, एवढ्यानं बैलालाही जुलाब होतील! एक सांगितली होती ना मी?"

"औषध जगातच टाकतात," तोरिबियो पुटपुटला. "तुझी आजी सगळा झाडपाला जगातच टाकायची."

निमिया हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. कॅन्सर नव्हता. काही काही नव्हतं. दुकानात ती येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावत असे की या गोळ्या जास्त झाल्या तर पोट बिघडतं, आणि बापाला नुसतं नळकांडं देऊन मोकळी झाली होती. तिने इस्पितळात फोन लावला आणि तपासणी आठवडाभर पुढे ढकलली. मग आज आणलेली सहा नळकांडी फळीवरून काढून पिशवीत भरली.

"ती राहू दे," तोरिबियो एकदम म्हणाला.

"कशाला? पुन्हा हेच?"

"तसं गोळ्या संपल्या की दोन दिवसांत पोट जागेवर येतं," रुफिनो परत येता येता म्हणाला. "आमचं दोघांचंही."

निमिया थबकली. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? मी तिकडे रात्र रात्र जागून काढल्या, आणि तुम्हाला ठाऊक होतं?"

तोरिबियो मान खाली घालून पेल्यातला पाला उगाच दाबत राहिला.

"मी सांगितलं याला," रुफिनो म्हणाला, "की गाईच्या गव्हाणीत टाक, उकिरड्यावर टाक, जाऊ दे. तर म्हणे, पोरीनं पगारातून आणलेलं फेकू कसं? आणि फोनवर तिच्याशी खोटं कसं बोलू? संपल्या म्हणायचं तर संपल्याच पाहिजेत. एकट्याला झेपेना, म्हणून मीही बसलो प्यायला."

"गप रे," तोरिबियो म्हणाला.

"पण संपवायची एवढी घाई कसली होती?" निमियाने विचारलं.

रुफिनोने तोरिबियोकडे पाहिलं. मग तो स्वतःच म्हणाला,

"रोज एक घेतली तर दोन महिने पुरतात, पोरी. आणि संपल्याशिवाय तू येत नाहीस."